तुमचा ‘र’ जुना आहे

माझ्या आडनावात एक अदृश्य इसम राहतो. त्याची रुंदी शून्य आहे. चेष्टा नाही, युनिकोडवाल्यांनी (म्हणजे संगणकासाठी जगातल्या प्रत्येक अक्षराला एकेक आकडा ठरवून देणाऱ्यांनी) त्याचं नावच झीरो विड्थ जॉइनर ठेवलंय. वऱ्हाडपांडे या आडनावात तो र आणि ह यांच्यामध्ये चाळीतल्या पोटभाडेकरूसारखा राहतो. पाटीवर नाव नाही, कुणाच्या नजरेला पडत नाही, पण कागद करायला गेलं की नेमका आडवा येतो.

मुलगी बारावी झाली आणि अधिवास प्रमाणपत्राची वेळ आली. पोर्टलवर नाव भरलं, तर लाल अक्षरांत उत्तर: ‘नाव शाळेच्या नोंदीशी जुळत नाही.’ खाली दोन्ही नावं शेजारी शेजारी. मी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. मुलीने बोटांनी ताणून मोठं करून पाहिलं. बायकोने दोन्ही मोठ्याने वाचली, न जाणो उच्चारात काही सापडलं तर. कार्यालयातल्या मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, “सारखंच दिसतंय हो, पण सिस्टिम घेत नाही.” पूर्वी साहेब तरी घ्यायचे. सिस्टिमच घेत नाही म्हटल्यावर माणसाने कुणाला काय द्यायचं?

निदान झालं ते फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. दुकानदाराने माझं आडनाव कुठल्याशा खिडकीत चिकटवलं, अक्षरांऐवजी आकड्यांची रांग आली, आणि डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरतात तशा चेहऱ्याने तो म्हणाला, “काकाजी, तुमचा र जुना आहे न.”

प्रकरण असं आहे. हा पापणीसारखा दिसणारा अर्धा र मराठीला लागतोच. नाहीतर दर्या आणि दऱ्या एक होतील, आणि आचार्यांना व आचाऱ्यांना एकाच पाटावर बसवावं लागेल. हिंदीचं त्याच्यावाचून काही अडत नाही. युनिकोडमध्ये तो लिहायच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घ्या आणि त्याचा पाय मोडा. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डवर त्याला स्वतंत्र जागा आहे. दुसरी म्हणजे साधा र घ्या, पाय मोडा आणि पुढे तो अदृश्य इसम बसवा. पहिली वाट आजची, दुसरी जुन्या आवृत्तीत चालायची म्हणून आजही चालवून घेतात. शिवाय र वेगळा आणि टिंब वेगळं असाही एक प्रकार आहे, पण तो पहिल्याशी समान धरायचा हे नियमातच आहे. दिसायला तिन्ही सारखे. संगणक मात्र अक्षरं वाचत नाही, आकडे वाचतो. मुलीने घरी टाइप केला तो ऱ नवा. शाळेची नोंद कधीकाळी जुन्या फॉन्टमधून रूपांतर होऊन आली असणार, तिचा र जुना.

जुन्या फॉन्टचे दिवस आठवतात का? एका कचेरीतून मराठी पत्राची फाइल यायची आणि आपल्याकडे तो फॉन्ट नसला की पडद्यावर डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं, मधूनच पौंडाचं चिन्ह. प्रत्येक फॉन्टवाल्याचा मामला वेगळा. सरकारने ते थांबवायला काहीच केलं नाही असं म्हणायची मला फार इच्छा होती, म्हणून मी धोरण वाचायला घेतलं आणि पंचाईत झाली. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्राने ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक ठरवून टाकलंय. वर्षभराने, नोव्हेंबर २०१० मध्ये, खुल्या मानकांचं आख्खं धोरण आलं. मानकावर पेटंटची रॉयल्टी नको, ते नफा न कमावणाऱ्या संस्थेने सांभाळलेलं असावं, भारताच्या सगळ्या अधिकृत भाषांना सामावून घेणारं असावं. इतकंच काय, ते ज्या मानकावर उभं आहे तेही शक्यतो खुलं असावं, आणि ते ज्यावर उभं आहे तेही. ही शेवटची अट आमच्या पोर्टलने फारच मनावर घेतलीय. एका दाखल्यासाठी दुसरा दाखला, त्याच्यासाठी तिसरा, आणि तिसऱ्यासाठी पहिला.

एका कामासाठी शक्यतो एकच मानक, असंही धोरण म्हणतं. तेही पाळलं जातं. फोटो सगळे जेपीजीच मागतात. फक्त एकाला तो वीस केबीच्या आत हवा असतो आणि दुसऱ्याला वीसच्या वर.

तर धोरणात खोट नाही, मानकातही नाही. माझे दोन्ही र कायदेशीर आहेत. गडबड आहे ती दोन नावं जुळवून पाहणारा तो चार ओळींचा तुकडा लिहिणाऱ्याची. जुळवण्याआधी जुन्या र चा नवा करून घ्यायचा, एवढंच त्याने करायचं होतं. माझी खात्री आहे, तो जोशी किंवा पाटील असणार. ज्या आडनावात र च नाही, त्याला काय ठाऊक! दुकानदाराने मात्र डेस्कटॉपवर एक फाइल करून ठेवलीय: कुऱ्हाडे, बऱ्हाटे, गोऱ्हे, सगळे दोन्ही तऱ्हांनी. जिथे जो र चालतो तिथे तो चिकटवायचा. दिल्लीने ठरवलेली आंतरकार्यक्षमता, म्हणजे एका सिस्टिमचं दुसरीला कळणं, आमच्या तालुक्यात या फाइलीवर चालते, पानाला दहा रुपये.

आमच्या बाबतीत मात्र शाळेची नोंदच कुलूपबंद. मग प्रतिज्ञापत्र. दुकानदाराने सराईतपणे टाइप केलं: ‘वऱ्हाडपांडे आणि वर्‍हाडपांडे ही दोन्ही नावे एकाच इसमाची आहेत.’

नोटरीने वाचलं. परत वाचलं. कागद उजेडात धरला. “अहो, पण ही दोन्ही एकच आहेत.”

“हाव न साहेब,” दुकानदार म्हणाला, “तेच तर लिहिलंय.”

साहेबांनी शिक्का मारला. कागद स्कॅन केला, चढवला, आणि सिस्टिमने चक्क घेतला. स्कॅन म्हणजे नुसतं चित्र. त्यात ना नवा र, ना जुना, जुळवणार काय?

पैसे देताना दुकानदाराने मुलीला धीर दिला. “काळजी नका करू ताई, लग्नानंतर आडनाव बदललं की सुटलात.”

“मी नाही बदलणार,” मुलगी म्हणाली.

“मग आमचा नंबर सेव्ह करून ठेवा,” तो म्हणाला. “लेकरांच्या दाखल्याला लागेल न.”