लिफाफा सोलणे

2017 पासून सलग सात वर्षं देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात आमचं इंदूर पहिलं आलं, मान्य. अभिमानही आहे. कचरा सहा प्रकारांत वेगळा करा म्हणतात: ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी, घातक. तेही करतो. पण हे पार्सलवाले! लिफाफा कागदाचा आणि त्याच्या पोटात फुग्या-फुग्यांचं प्लास्टिक घट्ट चिकटवलेलं. हे टाकायचं कुठे? सकाळी रामबागेत दाराशी कचऱ्याची गाडी वाजतेय, गॅसवर पोहे वाफेला ठेवलेत, आणि मी नखांनी लिफाफा सोलतोय. आलं काय होतं त्यात? पेनाची एक रिफिल! वरून शेजारच्या काकू विचारतात, "काय रे, पार्सल उघडतोयस?" नाही हो काकू, कचरा सोलतोय. तोवर गाडी पुढच्या गल्लीत. पोहे करपले. (ते मात्र ओल्यात, एवढं नक्की.)