यूएसबीवरही पेटंटं होती: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रिंटरच्या शाईवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "पेटंट म्हणजे कायदेशीर लूट. यूएसबीवर पेटंट नव्हतं म्हणून ते घराघरांत पोचलं; इंकजेटवर होतं म्हणून शाई इतकी महाग." शाईच्या भावाचा तुमचा राग मला पूर्ण मान्य आहे. त्याचं तुम्ही दिलेलं कारण मान्य नाही.

यूएसबीवर पेटंटं होती. इंटेलमध्ये अजय भट (बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर काम केलं, आणि 1996 मध्ये पहिली आवृत्ती आली. ती घडवणाऱ्या कंपन्यांनी आपसात ठरवलं, की या मानकासाठी लागणाऱ्या पेटंटांवर रॉयल्टी घ्यायची नाही. त्याच काळात अ‍ॅपलचं फायरवायर होतं, यूएसबीसारखंच यंत्रं एकमेकांना जोडणारं. वेग सेकंदाला 400 मेगाबिट, यूएसबीचा 12. पण 1999 च्या सुमारास अ‍ॅपलने एका पोर्टमागे एक डॉलर मागितला. दर पुढे उतरला, तोवर उशीर झाला होता. जोडणीचं मोल ती किती यंत्रांवर आहे यात असतं, म्हणून तिथे पेटंटधारकाने हात सैल सोडण्यातच त्याचा फायदा होता.

इंकजेटचं तसं नाही. छपाईचं डोकं, म्हणजे शाईचे थेंब कागदावर उडवणारा भाग, एकाच यंत्रात असलं तरी काम देतं. 1977 मध्ये कॅननच्या इचिरो एन्दो यांच्या प्रयोगशाळेत डाख देण्याची तापलेली सळई (सोल्डरिंग आयर्न) शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि शाई उडाली. उष्णतेने बुडबुडा होतो, तो थेंब बाहेर ढकलतो. कॅननने त्याच वर्षी पेटंटचा अर्ज केला. कॅलिफोर्नियात एचपीचे जॉन वॉट थोड्याच काळाने, स्वतंत्रपणे, त्याच कल्पनेपाशी पोचले. दोन्ही कंपन्या कोर्टात झुंजत बसल्या नाहीत, त्यांनी करार केला. एचपीचा थिंकजेट 1984 मध्ये बाजारात आला, कॅननचा बबलजेट 1985 मध्ये. ही माहिती पेटंटाच्या कागदांत उघडी पडली आहे आणि मूळ कल्पनेवरच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे. मग शाईचा भाव का उतरला नाही?

कारण भाव ठरवणारी गोष्ट वेगळी आहे: यंत्र स्वस्तात द्यायचं आणि नफा कार्ट्रिजवर काढायचा. याचा पुरावा प्रिंटर बनवणारी एप्सन कंपनीच देते. 2010 मध्ये तिने इंडोनेशियात बाटलीतून शाई भरायच्या टाकीचे प्रिंटर आणले. तिथली दुकानं आधीपासून प्रिंटरला बाहेरून टाक्या आणि नळ्या लावून देत होती. एप्सनचं पीझो तंत्र (उष्णतेऐवजी विजेने वाकणाऱ्या स्फटिकाने थेंब ढकलायचा) तेच राहिलं, विकण्याची रीत बदलली आणि पानाचा खर्च कोसळला.

आणि कार्ट्रिजवरची चिप, जिच्यावरून प्रिंटर परकी कार्ट्रिज ओळखतो. तिच्याबद्दल मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. पण तिथलं हत्यारही नेहमी पेटंट नसतं. लेक्समार्क या प्रिंटर कंपनीने टोनरच्या (लेझर प्रिंटरच्या शाईपुडीच्या) कार्ट्रिजवरच्या चिपची नक्कल केल्याबद्दल, कार्ट्रिजचे सुटे भाग बनवणाऱ्या स्टॅटिक कंट्रोलला कोर्टात खेचलं ते मुख्यतः कॉपीराइटच्या कायद्याखाली, आणि 2004 मध्ये अपिलात न्यायालयाने स्टॅटिक कंट्रोलची बाजू घेतली. पेटंटाचा आधार घेऊन लेक्समार्क पुन्हा भरलेल्या कार्ट्रिज विकणाऱ्यांविरुद्ध लढली, तेव्हा 2017 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटाचा हक्क संपतो. म्हणजे रिफिल करणाऱ्याला पेटंट कायद्यानेच सोडवलं. त्यानंतरही प्रिंटरमधलं सॉफ्टवेअर परकी कार्ट्रिज नाकारू शकतं. त्या कुलपाविरुद्ध ग्राहकांनी उभं राहायला हवं, आणि मी तुमच्यासोबत उभा राहीन.