मोजायचे काय, चर की विहिरीतले पाणी?

पाणलोटाच्या, म्हणजे पावसाचे पाणी अडवून जमिनीत जिरवण्याच्या, कामावर जाणारा माणूस म्हणून एक गोष्ट कबूल करतो. आमच्या गटाने एका गावात लागोपाठ दोन उन्हाळे श्रमदान केले, डोंगरउतारावर सलग समतल चर खणले, ओढ्याचे खोलीकरण करून घेतले आणि दर रविवारी किती घनमीटर काम झाले याचे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर अभिमानाने टाकले. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये त्याच गावात टँकर आला. पाऊस बरा झाला होता, चरही भरले होते; पण ओढ्याला पाणी दिसताच काठच्या शेतांत नव्या बोअर घेतल्या गेल्या, उसाची लागण झाली आणि अडवलेले पाणी पाडव्याच्या आतच उपसून संपले. मे महिन्यात गावाला टँकर लागू नये, एवढेच आमचे उद्दिष्ट पहिल्या बैठकीत ठरले होते. त्याची जागा घनमीटरने कधी घेतली हे कोणालाच कळले नाही, कारण घनमीटर दर आठवड्याला वाढतो आणि त्याचा फोटोही काढता येतो.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला लोक बांध आणि झाडे पाहायला जातात. माझ्या मते तिथली खरी करामत निर्बंधांत आहे. वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावाने, १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतरच्या काळात, शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि ऊस, केळी यांसारख्या पिकांवर बंदी घातली. पावसाळा संपला की तिथे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढले जाते, आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीचा पेरा ठरतो. म्हणजे बांध हे साधन आहे, हे गाव विसरत नाही.

राज्याच्या पातळीवरही हेच दिसते. गावोगावी पाणी अडवण्याची कामे करणाऱ्या राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेचे ध्येय २०१९पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र असे होते. सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात तिचा फारसा परिणाम दिसला नाही, असे सरकारी खर्चाचे लेखापरीक्षण करणाऱ्या कॅगने २०२०मध्ये मांडलेल्या अहवालात नोंदवले. (योजना कोणाची, हा वाद कृपया इथे नको.) कामे झाली नाहीत असे नव्हे, उपशाला लगाम घालणे राहून गेले.

यंदा आम्ही आमच्या नोंदवहीतला घनमीटरचा रकाना काढून टाकला आहे. त्याऐवजी गावातल्या सहा विहिरींची पाणीपातळी दर पंधरा दिवसांनी मोजून देवळाच्या भिंतीवर लिहिली जाते. आकडे लिहायला लागल्यावर चर खणायला येणारी माणसे कमी झाली आणि भांडणे वाढली, पण ती निदान पाण्यावरून होत आहेत.