पेगला दोष देण्याआधी नट बघा

भाचीने काल एक रील पाठवलं. खाली प्रश्न: "मामा, पाच हजार साठलेत, पेग मागवू का?" रीलचं म्हणणं असं: इलेक्ट्रिक गिटारचा सूर उतरतो तो स्वस्त पेग (तार ताणायच्या खुंट्या) सरकतात म्हणून, तेव्हा लॉकिंग पेग (तार आत चिमटून धरणारे) बसवा, बसत नसतील तर भोक मोठं करा. शिवाय जाड तारा लावा आणि आवाज हवा तर महोगनीचीच बॉडी घ्या. आठवड्यात तिसऱ्यांदा हे माझ्याकडे आलंय.

भोक मोठं करा? एकदा कोरलेलं लाकूड परत येत नाही, आणि दोष तिथे नाहीच. तानपुऱ्याची खुंटी नुसत्या घर्षणावर तग धरते, म्हणून ती सरकते आणि आपण खडू लावतो. गिटारच्या पेगमध्ये वर्म गिअर असतो, म्हणजे स्क्रूसारखा दांडा दातेरी चाक फिरवतो. १४:१ चा असेल तर बटणाचे १४ फेरे म्हणजे तार गुंडाळली जाते त्या खांबाचा एक. गिअर धड असेल तर तारेच्या ओढीने तो उलटा फिरत नाही.

भाचीला व्हिडिओ कॉलवर तिसरी तार सावकाश चढवायला लावली. सूर हलेना, हलेना, आणि मग 'टिंग' करून एकदम वर गेला. तार नटच्या (मानेच्या टोकाला तारांसाठी खाचा असलेली पट्टी) खाचेत अडकत होती. बेंड घेतला, म्हणजे तार बोटाने बाजूला ताणली, की पेगकडची तार खाचेतून जराशी पुढे सरकते, सोडल्यावर मागे जात नाही, आणि सूर उतरतो. तिच्या गिटारला दोन्ही बाजूंना तीन-तीन पेग आहेत. अशा हेडस्टॉकवर (पेग बसतात त्या टोकावर) तिसरी-चौथी तार नटपाशी बाजूला वळते, त्यामुळे त्याच जास्त छळतात. तार सैल करून बाहेर काढली, खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं, पुन्हा चढवली. टिंग गेलं.

लॉकिंग पेगने तार झटपट बदलता येते, वेढेही कमी लागतात. एवढं मान्य.

जाड तारा? ९ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) तारेसाठी कापलेल्या खाचेत ११ ची तार आणखीच अडकेल.

महोगनीचं म्हणाल तर तारांखालचा पिकअप लोखंडी तारेची थरथर चुंबकाने पकडतो. नॅशव्हिलच्या जिम लिल या गिटारवादकाने बॉडी आणि नेक दोन्ही वगळून, दोन बाकांमध्ये तारा ताणून वाजवल्या. ते रेकॉर्डिंग ऐका आणि खऱ्या गिटारपासून वेगळं ओळखून दाखवा.

शिशाने भागलं नाही तर तारेच्या जाडीच्या नट फाइल्स असलेल्या कारागिराकडे जा. घरची कानस लावू नका. खाच खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर (पडद्यावर) खरखरते आणि नटच बदलावा लागतो.