जांभळावर कागद लागला तेव्हा आम्हाला कळलं

शेजारची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे हे आम्हाला कुणाकडून कळलं, तर जांभळाच्या झाडाकडून. कंपाउंडला लागून जांभूळ आहे, त्याच्या खोडावर जूनमध्ये एक दिवस महापालिकेचा कागद दिसला, पावसाने अर्धा भिजलेला, शाई उतरलेली, झाड काढायची परवानगी मागितली आहे, हरकत असेल तर सात दिवसांत कळवा. झाडांचा कायदा १९७५ चा आहे आणि ही नोटिशीची सोय त्यातलीच, आणि ती चांगलीच आहे, मी लगेच हरकत लिहून दिली. पण तिथेच विचारलं की त्या जागी जी बिल्डिंग येतीये तिच्याबद्दल शेजाऱ्यांनी कुठे लिहून द्यायचं, तर म्हणाले मॅडम, तशी काही पद्धत नाही, प्लॅन नियमात बसला की परवानगी मिळते. म्हणजे झाडासाठी सात दिवस, आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसांसाठी एकही नाही. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये म्हणून एवढं लांबलचक लिहितीये.

आधीच सांगते, मी त्या बिल्डिंगच्या विरोधात नाही. तीन मजली, बारा फ्लॅटची जुनी इमारत, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या दवाखान्यात जायचं सोडलं तर खाली उतरलेल्याच नाहीत. रोज सकाळी भाजीवाला आला की गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात, पिशवीत पैसे, आणि वरूनच ओरडून सांगतात मेथी कोवळी बघून दे रे. स्लॅबमधून पाणी गळतं, पिलरचं लोखंड दिसायला लागलंय. त्यांनी सभा घेतली, ठराव झाला, २०१९ च्या जीआरप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती लागते, यांच्याकडे त्याहून खूप जास्त आहे. काकूंना लिफ्टचं घर मिळालंच पाहिजे, त्यात माझं दुमत नाही.

प्रश्न गल्लीचा आहे. आमची कोथरूडमधली गल्ली सहा मीटरची. २०२० मध्ये महापालिकेने शहरातले असे ३२३ रस्ते सहाचे नऊ मीटर करायचं ठरवलं, कारण नऊ मीटर असेल तरच प्लॉटवर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेच्या बदल्यात मिळालेला जादा बांधकामाचा हक्क, वापरता येतो. आता हे रुंदीकरण होतं कसं ते बघा. जो प्लॉट बांधायला निघेल तो आपल्या पुढचे दीड मीटर सोडतो, बाकीच्यांची कंपाउंडं आहेत तिथेच. त्यामुळे गल्लीच्या तोंडाशी जी एक बिल्डिंग झाली तिच्यापुरता रस्ता मोठा झाला, पुढे परत सहा मीटर, आणि त्या सुटलेल्या पट्ट्यात आता दोन कार आणि पाच-सहा स्कूटर कायमच्या उभ्या असतात. कागदावर नऊ मीटर, आणि परवा अॅम्ब्युलन्स आली ती रिव्हर्समध्ये आत घ्यावी लागली. आणि कागदावरच्या त्या नऊ मीटरवर बाराचे अठ्ठावीस फ्लॅट होणार, मग त्याच्या पलीकडचे पण निघालेत, समोरचे पण सभा घेतायत, दहा वर्षांत आख्खी गल्ली दुप्पट-अडीचपट. पाण्याची लाईन तीच, ड्रेनेजचं चेंबर तेच, जे आत्ताच मोठा पाऊस झाला की वर येतं.

पाण्याचं तर असं आहे की पुण्यात बिल्डर लिहून देतो की महापालिका पाणी देईपर्यंत मी सोय करीन, आणि ती सोय म्हणजे टँकर. ताबा दिल्यावर बिल्डर जातो, टँकरचं बिल सोसायटी भरत बसते. बाणेर-बालेवाडीत २०१६ मध्ये हे सगळं हायकोर्टापर्यंत गेलं आणि नव्या बांधकामांना कोर्टाला ब्रेक लावावा लागला, ठाण्यात घोडबंदर रोडला २०१७ मध्ये तेच. हे कळायला कोर्ट कशाला लागावं, लाईन किती इंची आहे आणि वर किती घरं येणार हा हिशोब परवानगी देणाऱ्याच्या टेबलावर आधीच नको का?

लोक म्हणतात मग तेव्हा हरकत का नाही घेतली. तेव्हा म्हणजे कधी, तर २०२०, ऐन कोरोनात, आपण दूध धुऊन घरात घेत होतो त्या वर्षी. रस्त्यांचं तेव्हाच, आणि डिसेंबरमध्ये राज्याची नवी बांधकाम नियमावली पण तेव्हाच. हरकती-सूचना मागवल्या जातात, नाही असं नाही, पण पेपरच्या कोपऱ्यात सर्व्हे नंबरच्या भाषेत, त्यातून आपल्या खिडकीसमोर सात मजले येणार हे कुणाला कळणार? पुढे २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासकच होता, विचारायचं कुणाला? आता २०२६ मध्ये निवडणूक होऊन नगरसेवक आलेत, तर मला त्यांच्याकडून एवढंच हवंय की एकेका प्लॉटचा प्लॅन पास करताना आख्ख्या गल्लीचा हिशोब मांडा, पाणी, ड्रेनेज, ट्रान्सफॉर्मर, आणि रस्ता खरोखर किती रुंद आहे ते टेप लावून. आणि काम सुरू व्हायच्या आधी गेटवर मराठीत मोठा बोर्ड लावा, किती मजले, किती घरं, पाणी कुठून. झाडाला लावता येतो तर गेटला का नाही? साईट बोर्डाचा नियम आहेच, पण तो लागतो तेव्हा पत्रे ठोकून झालेले असतात.

काकूंशी बोलले मी. वाटलं होतं रागावतील, मी आडवी येतीये म्हणून. तर म्हणाल्या, अगं उद्या मीच तिथे सातव्या मजल्यावर असणार, पाणी मलाही लागणारच आहे, लिही माझं नाव.

तर रविवारी सकाळी दहाला आमच्या पार्किंगमध्ये जमतोय. रिडेव्हलपमेंटला जाणारे आणि न जाणारे, दोघांनीही या. येताना आठवडाभर तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं ते लिहून आणा, आणि चेंबर तुंबल्याचे फोटो असतील तर तेही. पाण्याची लाईन किती इंची आहे हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून ठेवलाय, वाचून बघा आणि काही राहिलं असेल तर सांगा, सोमवारी द्यायचाय.