साइटवर ‘उपलब्ध’, दुकानात जोड नाही: तक्रारीला उत्तर

नमस्कार. साइटवर आमच्या म्हापशाच्या दुकानात ८ नंबरचा चपलांचा जोड ‘उपलब्ध’ दिसला, म्हणून यूपीआयने पैसे भरून तुम्ही पेडण्याहून आलात आणि जोड मिळालाच नाही. काउंटरवर पैसे रोख मागितले, तर तेही नाकारले गेले. शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत असा हेलपाटा पडणं त्रासाचंच आहे, आणि त्याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. पण ‘माल नसताना दाखवून गिऱ्हाईक बोलावतात’ हे तुमचं वाक्य खरं नाही.

साइटवरचा आकडा म्हणजे आलेले खोके वजा बिल झालेले खोके. चपलांच्या धंद्यात घोळ होतो तो नेमका इथे, कारण बारकोड खोक्यावर असतो, चपलेवर नसतो. ग्राहक ८ आणि ९ दोन्ही घालून बघतात, परत भरताना खोके बदलतात. मग ८ चा जोड ९ च्या खोक्यातून विकला जातो. बिलावर ९ कमी होतो आणि ८ साइटवर तसाच दिसत राहतो. तुमच्या ऑर्डरचा खोका उघडला तेव्हा वर ८ चं लेबल होतं आणि आतल्या तळव्यावर ९ कोरलेला होता. पावसाळ्यात नेट गेलं की आणखी एक भर पडते: दुकानात बिलं होत राहतात, पण साइटवरचा आकडा नेट येईपर्यंत जुनाच राहतो.

म्हणूनच आम्ही दोन मेसेज पाठवतो. पहिला ‘ऑर्डर मिळाली’. त्याचा अर्थ पैसे पोचले, एवढाच. त्यानंतर माणूस माळ्यावरून खोका काढतो, मांडणीवरचा एक पाय (म्हणजे एका पायाची चप्पल) आणि खोक्यातला दुसरा जुळवतो, दोन्ही तळव्यांवरचा नंबर वाचतो, ऑर्डरची चिठ्ठी लावून जोड काउंटरमागच्या फळीवर ठेवतो आणि स्कॅन करतो. त्या स्कॅनवरच दुसरा मेसेज सुटतो: ‘जोड तयार आहे’, सोबत चार आकडी कोड. एरवी दोन तास लागतात, शुक्रवारी आणि चवथीच्या आधी जास्त. तुम्हाला हा दुसरा मेसेज गेलेला नाही.

प्रत्येक नंबरचा एक जोड साइटवरून लपवून ठेवावा, असं बरेच जण सुचवतात. किराण्यात ते चालेल. आमच्याकडे एका नंबरचे दोन-तीनच जोड असतात. त्यातला एक लपवला तर असलेला मालही दिसेनासा होईल. त्यापेक्षा रोज दुकान उघडण्याआधी एका रॅकचे खोके उघडून मोजणं आम्हाला जास्त पटतं, आणि ७, ८, ९ हे जास्त खपणारे नंबर आधी. शेवटचा एकच जोड उरला की आता साइटवर ‘उपलब्ध’ऐवजी ‘दुकानात तपासून कळवू’ असं दिसेल.

आता पैशांचं. ऑनलाइन भरलेले पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत जातात. गल्ल्यातून रोख दिले, तर ऑर्डर रद्द झाल्यावर तीच रक्कम खात्यातही जाते आणि एकाच व्यवहाराचे दोनदा पैसे निघतात. तुमची परतफेड त्याच दिवशी सोडली आहे. जमा व्हायला कामाचे पाच ते सात दिवस लागतात. तोवर दिसली नाही, तर मेसेजमधला संदर्भ क्रमांक बँकेत दाखवा, त्यावरून शोध लागतो.

तुम्हाला हवा तो ८ नंबर मडगावच्या दुकानात आहे. दोन्ही पाय तपासून बाजूला ठेवला आहे. ऑर्डरच्या मेसेजला ‘हो’ असं उत्तर पाठवा. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने तो म्हापशाला येईल, आणण्याचा खर्च आमचा. पैसे आधी भरू नका, जोड पायात घालून बघा आणि मगच द्या. पुढे बदलायचा झाला, तर गोव्यातली आमची दोन्ही दुकानं एकाच जीएसटी नोंदणीखाली आहेत, त्यामुळे म्हापशाचं बिल मडगावलाही चालतं. फक्त घरून निघाल ते दुसरा मेसेज आल्यावर.