३२ बिट फ्लोट, फोन आणि मिक्सरची लाइन : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं, टोमण्यांसकट. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की गाण्याच्या बैठकीच्या रेकॉर्डिंगसाठी टास्कॅम डीआर-०५एक्स नाहीतर जुना झूम एच१एन असा हातात मावणारा रेकॉर्डर सुचवून मी लोकांना मागे नेतोय, ३२ बिट फ्लोटवाला (म्हणजे लेव्हल चुकली तरी चालते असा) झूमचाच एच१इसेन्शियल असताना गेनची, म्हणजे आवाज किती घ्यायचा ते आधी लावून ठेवण्याची, कटकट कोण करणार, नाहीतर सरळ फोन ठेवावा किंवा साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायरने थेट आवाज, म्हणजे लाइन, घ्यावी, आणि कलाकाराची परवानगी वगैरे म्हणजे उगाच सोवळं.

फ्लोटचं आधी. नवाच घेताय आणि किमतीत फार फरक नाही तर खुशाल घ्या, मी कुठे नाही म्हणतोय. पण कोणाला चांगला एच१एन सेकंडहँड निम्म्या पैशात मिळत असेल तर फ्लोटसाठी तो सोडू नये. लेव्हल चुकली तर फ्लोटमध्ये नंतर सावरता येते, बास. एच१एन काय आणि एच१इसेन्शियल काय, दोघांच्या माइकची मर्यादा १२० डेसिबलच आहे, ढोल-ताशा पथकाच्या पुढ्यात उभे राहिलात तर आवाज माइकवरच फाटणार, मग फाइल कितीही बिटची असो. आणि बैठकीत २४ बिट भरपूर होतात हो! तबला मिळवून झाल्यावर तबलजी दोन-चार जोरकस थापा मारून बघतात तेव्हा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवायचा, ऑटो लेव्हल (आवाज आपोआप वरखाली करणारी सोय) बंद, आणि मग रेकॉर्डरला हात लावायचा नाही. विलंबितातली आलापी हळू आली तर घरी वाढवा, खरखर ऐकू येईल ती माइकची आणि पंख्याची, बिटची नाही.

पैसे वाचतील ते स्टँड आणि बऱ्या हेडफोनवर घाला, कारण सगळा खेळ रेकॉर्डर कुठे ठेवता याचा आहे. गायकापासून १२ फुटांवर होता तो ६ फुटांवर आणलात की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि हॉलचा घुमा, पंखे, मागच्यांची कुजबुज होती तेवढीच राहते, म्हणजे फुकटात केवढी सुधारणा. सतरंजीवर मात्र ठेवू नका, शेजारचे काका जमिनीवर ताल धरतात तो अख्खा उतरतो, छोट्या स्टँडवर बसलेल्या गायकाच्या तोंडाच्या उंचीला धरा, पेटी आणि तबल्याच्या बरोबर मध्ये. डीआर-०५एक्सचे माइक चहूबाजूंनी ऐकतात, खोली चांगली असेल तर डग्गा त्यात जास्त भरदार येतो, गोंगाट असेल तर एच१एनची एक्स-वाय जोडी, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारे दोन तिरपे माइक, बरी. आणि कृपा करून ८० हर्ट्झचा लो कट (त्याखालचे खोल आवाज कापणारा फिल्टर) डोळे झाकून लावू नका. काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, पंख्याची घरघर घालवायला जाल आणि खर्ज आणि डग्ग्याचा घुमारा दोन्ही पातळ करून बसाल. त्यापेक्षा आयोजकांना सांगून वरचा एक पंखा बंद करून घ्या (मे महिन्यात शिव्या खाव्या लागतात, ते वेगळं).

फोनबद्दल म्हणाल तर आठवण म्हणून ठीक. पण साधं रेकॉर्डिंग अ‍ॅप बहुतेक वेळा आवाज आपोआप वरखाली करतं, तान संपून गायक थांबला की तानपुरा फुगतो आणि समेवर थाप पडली की सगळंच दबतं. ऐन मैफलीत फोन येतो ते सोडाच.

मिक्सरच्या लाइनने छोट्या हॉलमध्ये फसगत होते. तबला मुळातच मोठा असतो म्हणून साउंडवाला तो स्पीकरमधून जेमतेम देतो, मग लाइनमध्ये गळा आणि पेटी पुढे, तबला कुठेतरी लांब, हॉलची हवा नाही, दाद नाही. शिवाय मिक्सरची दणदणीत लाइन थेट छोट्या रेकॉर्डरच्या माइकच्या खोबणीत घातली की आवाज फाटलाच. मोठ्या सभागृहात, सगळ्यांना माइक असताना, लाइन जरूर घ्या, पण तेव्हा टास्कॅमच्याच डीआर-४०एक्ससारखा एक्सएलआरवाला (तीन पिनांच्या मोठ्या खोबणीचा) रेकॉर्डर लागतो आणि बजेटही वाढतं.

राहिलं सोवळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ खाली कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आहे, स्वतःपुरतं रेकॉर्ड करायला कलम ३९ मध्ये सूट आहे, पण यूट्यूबवर चढवणं त्या सुटीत बसत नाही. आणि कायदा जाऊ द्या, आधी जाऊन विचारलंत तर स्टँड पहिल्या रांगेच्याही पुढे लावता येतो, चोरून करायचं तर रेकॉर्डर खिशात राहतो आणि आपला शर्टच जास्त ऐकू येतो.